दोन नालोंगो

प्रिय किझा,

तू गेल्यापासून आपल्या लॅबमध्ये फार काही बदललेलं नाही. मायक्रोस्कोपची डावी काच अजून धूसरच आहे. हातमोजे दहा तारखेला संपले, एकच जोडी दिवसभर धुऊन वापरते. तुझ्या जागी कुणी आलं नाही. दोघांचं काम एकटीच्याने ओढवत नाही म्हटलं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नांतेझा, तुझी नोकरी तरी पक्की आहे. गप बस." मी पुढची स्लाइड लावली. सोमवारी चौकशी समिती बसेल आणि तुझ्या परवान्याचं ठरेल. तो गेला तर या देशात कुठल्याच लॅबमध्ये तुला कुणी उभं करून घेणार नाही.

कच्च्या-पक्क्याची ही भानगड तू पहिल्या पगारालाच ओळखली होतीस. रक्त तेच, रांग तीच, पण कंत्राटावरचा म्हणून तुला माझ्या पगाराचा तिसरा हिस्सा. "ताई, माझी सुई कमी टोचते की काय?" असं म्हणाला होतास. मी हसले. त्यापुढे काही केलं नाही.

त्या गुरुवारी वीज नव्हती आणि रांग पार फाटकाबाहेर. मलेरियाच्या तपासणीला दोन बायका आल्या, दोघीही जुळ्यांच्या आया, म्हणजे दोघीही नालोंगो. जुळी झाली की आपल्याकडे बाईला मूळ नावाने हाक मारणं बरं दिसत नाही, नालोंगोच म्हणायचं. दोन्ही स्लाइडवर नुसतं 'नालोंगो' लिहिलं गेलं. जिला मलेरिया होता तिला 'मलेरिया नाही' म्हणून घरी पाठवलं, आणि दुसरीला गोळ्या दिल्या. पहिलीला तिसऱ्या दिवशी मोटारसायकलवर दोघांच्या मधे धरून आणलं, शुद्ध नव्हती. वाचली ती. परवा मला मटोक्याच्या हिरव्या केळ्यांचा घड देऊन गेली. मला तो शिजवावासा वाटला नाही.

ती चूक तुझ्या माथी मारून तुला काढलं तेव्हा एक गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही. किझा म्हणजे जुळ्यांच्या पाठीवरचा. तुझी आईच नालोंगो. तिच्या नावाचे घोळ निस्तरत तू मोठा झालास, म्हणून अशी बाई आली की आधी माफी मागून तिचं मूळ नाव विचारायचास. बायका फणकारायच्या, "काय रे, आईने काही शिकवलं नाही का?" तरी विचारायचास. नुसतं 'नालोंगो' तू लिहिणं शक्य नव्हतं. आणि खोलीत माणसं दोनच होती.

अक्षर माझं होतं, किझा. पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं. पेन्शनला दोन वर्षं उरली आहेत आणि मी भित्री आहे, एवढंच कारण. आज सकाळी सगळं लिहून, खाली सही करून, डॉक्टरीणबाईंच्या हातात दिलं. खरं तर तुला आधी सांगायला हवं होतं. पण तू म्हणाला असतास, "नको ताई, तुझी पेन्शन जाईल," आणि मी तुझं ऐकलं असतं.

तुझीच, उशिरा बोललेली,
नांतेझा