तुकडा समोरच्याने निवडायचा

१२ जाने., सोम.
कॉम्प्युटरच्या थिअरीची क्लास टेस्ट परत मिळाली. दहापैकी दोन. ज्या विषयासाठी प्लेसमेंट सोडून चेन्नईला एमएस्सी करायचं म्हणतेय, त्यातच दोन. सरांनी लाल पेनाने लिहिलंय, ‘टुकड़ा आपने क्यों चुना?’ आता हे काय? डोकं फिरलंय.

प्लेसमेंटला नाव द्यायची मुदत पुढच्या बुधवारपर्यंत. बाबांनी बँकेत सगळ्यांना सांगून ठेवलंय, लेक नोकरीला लागणार. चेन्नईचं त्यांना अजून सांगितलेलंच नाही. सांगून उपयोग काय, नाहीच म्हणणार ते.

१३ जाने., मंगळ.
सरांना गाठलंच. प्रश्न असा होता: अ आणि ब सारख्याच संख्येने असलेल्या ओळी ओळखणारं, मर्यादित स्मरणशक्तीचं यंत्र बनूच शकत नाही, हे सिद्ध करा. सर म्हणाले, “इसे खेल समझिए.” समोरचा म्हणतो, माझ्याकडे असं यंत्र आहे, आणि एक आकडा सांगतो. मी निदान तेवढी लांब, नियमात बसणारी ओळ मांडायची. तो पहिल्या तेवढ्या अक्षरांतला एक तुकडा निवडतो. मी तो तुकडा दोनदा लिहायचा. अ-ब सारखे उरले नाहीत, म्हणजे ओळ बिघडली, की मी जिंकले. “चुनना उनका हक़ है. आपने उनकी तरफ़ से चुन लिया, वो भी अपने फ़ायदे का.”

खरंच की. पेपरात मी अबअबअब मांडलं आणि खुशाल एकटा अ उचलला. समोरचा कशाला तो उचलेल?

घरी येताना शेअर टेम्पोत हेच घोळवत बसले, निशातगंजला उतरायचं राहून गेलं. पायी मागे आले. मजेत आले पण.

१८ जाने., रवि.
आज भारी झालं. आई-बाबा मटार सोलत बसले होते. बाबांना म्हटलं, तुम्ही समोरचे. मटार म्हणजे अ, शेंगदाणा म्हणजे ब.
बाबा म्हणाले, “चार.”
मी एकाआड एक मांडले. मटार, शेंगदाणा, मटार, शेंगदाणा. बाबांनी चष्मा वर केला आणि पहिली जोडीच उचलली. जोडी दोनदा ठेवली तरी दोन्ही सारखेच!
“फसलीस,” बाबा. आई इतकी हसली की सालं सांडली.

दहा मिनिटं नुसती थाळीकडे बघत बसले. मग दिसलं. आधी चारही मटार, मग चार शेंगदाणे. आता पहिल्या चारांत मटारशिवाय काही नाहीच. कुठलाही तुकडा घ्या, मटारच वाढणार. बाबांनी एक घेऊन पाहिला, दोन, तीन, चारही. मग आकडा बदलून नऊ केला. मी नऊ-नऊ मांडले. बाबा हटेनात, मीही हटेना. शेवटी म्हणाले, “म्हणजे मी काहीही केलं तरी?”
काहीही केलं तरी, बाबा. अंगावर काटा आला हे म्हणताना. मला आयुष्यभर हेच करायचंय.
जेवायला मटार उरलेच नाहीत धड. सगळे हाताळून चेपलेले.

१९ जाने., सोम.
सकाळी वर्गातल्या शिरीनबरोबर चौकात मक्खन मलाई खाल्ली. तिला मटारपुराण सांगितलं. मग चेन्नईचं. बाबा नाहीच म्हणणार, म्हणून विचारत नाही, असंही.
ती चमचा चाटत म्हणाली, “अच्छा, मतलब अंकल की चाल भी तूने ही चल दी?”
राग आला. मग हसू आलं. वर्गात दोन मिळाले, घरी बहुतेक शून्य मिळाले असते.

२० जाने., मंगळ.
विचारलं. बाबा बँकेतून आले, चहा दिला आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. पूर्ण तयारीने गेले होते. पैसे म्हणाले तर फेलोशिप, लांब म्हणाले तर तिथे मावशी आहे, लोक काय म्हणतील तर त्यालाही उत्तर.

बाबांनी चहा संपवला. “हे त्या मटारवाल्या विषयासाठी?”
“हो.”
“दोन मिळाले होते ना त्यात?”
“हो.”
“आता दिलीत तर किती मिळवाल?” लाडात आले की अहोजाहो करतात.
“दहा.”
बाबांनी कप आत नेऊन ठेवला. मग म्हणाले, “उद्या सकाळी सांगतो. आता माझी पाळी आहे ना?” आणि गालातल्या गालात हसले.

त्यांनी कुठूनही नाही म्हटलं तरी माझ्याकडे उत्तर आहे. हो म्हणाले तर काय करायचं, याचा मी विचारच केलेला नाही.