निधीला दोनदा पाजलेला डोस

अहो,

घर बंद दिसलं तर घाबरू नका. निधीला डॉक्टरांकडे नेतेय. दुपारपासून उलट्या होताहेत. मंगळवारी मी तिला अंगणवाडीत व्हिटॅमिन एचा डोस पाजला होता, आज आईंनी आचोळे गावातल्या आरोग्य शिबिरात परत पाजला. आम्ही दोघी एकमेकींशी बोलत असतो तर हे झालंच नसतं.

डॉक्टर फोनवर म्हणाले, "औषध चांगलंच आहे, पण लागोपाठ दोनदा पोरांना झेपत नाही. घेऊन या."

हे औषध घातक म्हणणारं तुमचं पेपरातलं कात्रण आज आईंपुढे काढू नका. त्या रडून दमल्यात. मीही थकलेय.

आमटी गरम करून घ्या. आईंनाही बरोबर नेतेय, निधी त्यांच्या मांडीवरून उतरायला तयार नाही.

सुरुची