आईच्या चुलीतला विस्तव आणि जकातनाका

चि. फेलिम यास कॅसीताईचे पोटभर आशीर्वाद.

मी बरी आहे, डावा गुडघा सोडला तर. तुझा खोकला काय म्हणतो? ग्लासगोच्या धुरात तो बरा व्हायचा नाही, हे मी मागेही लिहिलं होतं आणि पुढेही लिहीन. तू पाठवलेली घोंगडी माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी पोचली. फार ऊबदार आहे. (तू स्वतः आला असतास तर घोंगडीवाचून अडलं नसतं. असो.) साठीला टेकलेली नवरी बघायला अख्खं गाव लोटलं होतं, आणि बार्नी ट्रेनर नव्या कॉलरमुळे मान न वळवता उभा होता, म्हणून सगळ्यांना वाटलं की त्याला पश्चात्ताप होतोय.

आता मुख्य हकिकत. आपल्या घरची चूल आईच्या आजेसासूपासून विझलेली नाही, हे तुला मी सांगायला नको. रात्री विस्तव राखेखाली झाकायचा, सकाळी फुंकायचा, एवढंच आपल्या घराण्याचं वैभव. बार्नीकडे राहायला जायचं ठरलं तेव्हा माझा जीव याच एका गोष्टीत अडकला होता. रिवाजाप्रमाणे आईच्या चुलीतला विस्तव माझ्याबरोबर नव्या घरी जायला हवा होता आणि जुन्या घरातलाही विझायला नको होता. बार्नीचं घर तीन शेतं ओलांडली की आलं. पण मधल्या ओढ्यात सरहद्द. आई जन्मली तेव्हा अल्स्टर नऊ परगण्यांचा एक प्रांत होता, मग कुणीतरी नकाशावर रेघ मारली, सहा तिकडे ब्रिटनमध्ये गेले, तीन इकडे आयर्लंडात राहिले, आणि आपलं फर्मनाघ एका देशात तर बार्नीचं मोनाहन दुसऱ्या. पाद्री मात्र दोन्हीकडे तोच, आणि प्रवचनही तेच.

सरळ ओढ्यातून गेलो असतो तर काही घडलंच नसतं. त्या ओढ्यातून आपण जन्मभर लोणी, चहा, साखर आणि एकदा तर (तुला आठवत असेल, ती तुझीच करामत) मावशीच्या टोपीत बसवून डुकराचं पिल्लूसुद्धा नेलं. पण बार्नीने हट्ट धरला. म्हणाला, "कॅसी, चोरून नेलेला विस्तव घराला लाभायचा नाही. आयुष्यात एकदा तरी आपण रीतसर जाऊ." म्हणून लग्न लागल्यावर मी लोखंडी हंडीत निखारे घेतले, वर आपल्या सरपणाची, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीची, दोन ढेकळं ठेवली आणि आम्ही नव्या कपड्यांत गाढवाच्या गाडीतून मोठ्या रस्त्याने, लांबचा वळसा घालून निघालो.

तिकडच्या नाक्यावरचा माणूस ओळखीचा. तो म्हणाला, देशातून विस्तव बाहेर जातोय तर जाऊ दे, इथे नाहीतरी जास्तच झालाय. इकडच्या नाक्यावर मात्र पार दक्षिणेतल्या केरीहून आलेला नवा माणूस होता, मोरिआर्टी नावाचा. त्याने हंडीत डोकावून विचारलं, "यात काय आहे?" मी म्हटलं, विस्तव. त्याने जकातीचं जाडजूड पुस्तक काढून त्यात विस्तव शोधला. सापडला नाही. मग त्याने सरपण शोधलं, ते सापडलं. परदेशी सरपण आहे का, म्हणाला. बार्नीला वाटलं, सुटलो. मोठ्या अभिमानाने सांगितलं की सरपण मोनाहनचंच आहे, यांची दलदल आमच्या बाजूला येते. त्यावर मोरिआर्टी म्हणाला, "म्हणजे इथून तिकडे गेलेला माल परत येतोय. मग जाताना घेतलेला परवाना दाखवा." आता परवाना कुठून दाखवणार? ते सरपण तर उन्हाळ्यात ओढ्यातूनच गेलं होतं. प्रामाणिकपणाच्या पहिल्याच दिवशी आम्ही आपणहून चोर ठरलो.

तो वरिष्ठांना फोन लावायला गेला, तर वरिष्ठ जेवायला गेलेले. इकडे हंडीतला विस्तव काळवंडत चालला. मी फुंकत होते, पण लग्नाच्या धावपळीत श्वास तरी कुठे उरला होता? शेवटी मी रडले. खोटं कशाला सांगू, नव्या टोपीसकट रस्त्याच्या कडेला बसून मोठ्याने रडले. मोरिआर्टी बाहेर आला आणि हळूच म्हणाला, "आईच्या चुलीतला आहे का हो?" मी मान डोलावली. त्याने पुस्तक मिटलं, गुडघे टेकले आणि डोक्यावरच्या सरकारी टोपीने वारा घालायला लागला. आपल्या शेगडीजवळचं कोरडं ढेकूळही आणून घातलं. आत लाल ठिणगी दिसली तेव्हा आधी तोच हसला. मग हंडी हिंदकळू नये म्हणून गाडीत आमच्या मधे बसून ती मांडीवर धरून थेट बार्नीच्या घरी आला. ओलसर केकचे चार तुकडे खाल्ले आणि स्वतःच्या आईबद्दल सांगत दिवे लागेपर्यंत बसला. (नाका तेवढा वेळ उघडाच होता. त्या दुपारी दोन्ही बाजूंच्या डुकरांनी फार प्रवास केला म्हणतात.)

तर विस्तव इथे सुखरूप आहे. बार्नीचा नमस्कार. प्रकृतीला जप.

तुझी,
कॅसीताई

ता. क. जुन्या घरातला विस्तव मी राखेखाली झाकून आले. सेडी नोबल सकाळ-संध्याकाळ जाऊन बघते. हो, तीच नोबल, जिचा नवरा दर जुलैत प्रॉटेस्टंटांच्या मिरवणुकीत आपल्या कॅथलिक दारावरून ढोल बडवत जायचा. मी संकोचले तर म्हणाली, "चुलीला कसला गं पंथ? राख काढायला माझं प्रार्थनाघर आड येत नाही." पण हिवाळ्याआधी तिचा मुलगा तिला बेलफास्टला नेणार आहे.

ता. क. पुन्हा. घर तुझ्याच नावावर आहे. छप्पर गळत नाही, गाय दूध देते. मी आग्रह करत नाही.

ता. क. शेवटचा. आग्रह करते. बार्नीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आपलं धुराडं दिसतं. परवा सकाळी त्यातून धूर निघेना. मी बार्नीचे बूट पायात अडकवून ओढ्यातून धावले. सेडीला नुसता उठायला उशीर झाला होता, विस्तव धगधगीत होता. मी तिथेच बसून राहिले. विस्तव असूनही घर ओकंबोकं वाटलं रे. तुझी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली आहे, ती मी सरळ केली. फेलिम, ये आता. सकाळी तू चहाचं आधण ठेवलंस की मला इथून धूर दिसेल, मग मीही ठेवीन.