शालूचा वरचा दात

१० नोव्हेंबर, सोमवार

लाळ! सकाळपासून नुसती लाळ. लाळेरी भिजली, माझा शर्ट भिजला, लॅपटॉपची कड भिजली. ऑफिसची मीटिंग चालू होती, शालू मांडीवर. तिने माझी करंगळी तोंडात धरून अशी काही चावली, की म्यूट करायच्या आधीच मी ओरडलो. साहेब म्हणाले, "ओमकार, काही प्रॉब्लेम?" प्रॉब्लेम कसला! माझी पोरगी मोठी होतेय!

पण दुपारपासून उजवा कान ओढतेय. स्वतःचाच. धरते, पिरगळते, रडते, पुन्हा धरते. आई म्हणाली कान फुटला असेल. कानाच्या बाबतीत आमच्या घराचं नशीब काही बरं नाही.

११ नोव्हेंबर

कान ठणठणीत! डॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावून दोन्ही कान बघितले आणि हसून तेलुगूत म्हणाल्या, "पळ्ळु वस्तुन्नायि अंडी!" दात येतायत! हिरड्या शिवशिवल्या की पोरं कान ओढतात म्हणे. वजनही छान वाढलंय. बाहेर येऊन बायकोला, तेजूला, फोन केला. इतक्या मोठ्यानं सांगितलं, की रांगेतल्या सगळ्या आया माझ्याकडे बघायला लागल्या. बघू देत.

१३ नोव्हेंबर

आज जेवताना आईने विषय काढलाच. "लेकराला सातवा लागतोय. पोरीचं उष्टावण सातव्यातच करायचं असतं. मामाच्या मांडीवर."

तेजू वरण वाढत होती. तिचा हात थांबला. "दादा यायचा नाही, आई. शेजारच्या कुणाला तरी मामा करू." एवढंच म्हणाली, बेसिनपाशी गेली आणि नळ मोठा सोडला.

तेजूला आई-वडील नाहीत. माहेर म्हणजे एकटा हर्षदादा. तो पुण्यात. आमच्या लग्नापासून त्याने या घराची पायरी चढलेली नाही, बारशालाही नाही. कारण? माझा कान! कानपिळीला त्याने माझा कान पिळला. बायकोच्या भावाचा हक्कच तो! जरा जोरात पिळला, लाल झाला, मी हसत होतो. पण आबासाहेबांना, म्हणजे माझ्या थोरल्या काकांना, ते सोसलं नाही. भर मांडवात आवाज चढवला – "पुण्यात जावयाला असं वागवतात? कुछ अदब है की नै?" हर्षदादा तडक निघून गेला. त्याचं वाढलेलं ताट तसंच राहिलं. कान माझा, भांडण त्यांचं, आणि रडायचं माझ्या बायकोनं!

बास झालं. उष्टावण ७ डिसेंबरला, रविवारी. हर्षदादाला मी आणणार म्हणजे आणणार.

१४ नोव्हेंबर

फोन केला. हर्षदादा मला अजून 'ओमकारराव' म्हणतो – म्हणजे राग आहे.

"बघतो, ओमकारराव."

"बघतो काय, भाची आहे तुमची!"

"मी आलेलं चालेल का, ते तुमच्या आबासाहेबांना विचारलंत का?"

नाही विचारलं. फोन ठेवून दिला.

१६ नोव्हेंबर, रविवार

तारनाक्याला गेलो, आबासाहेबांकडे. रेल्वेतून रिटायर होऊन जमाना झाला, तरी रोज सकाळी मोबाइलवर बघतात कोणती गाडी किती लेट आहे. नुसतंच! कुठं जायचं नसतं, कुणाला आणायचं नसतं.

बाबा गेल्यापासून आमच्या घरात मोठं माणूस म्हणजे हेच. बारावीला नापास होता होता वाचलो तेव्हा माझ्या बाजूने बाबांशी भांडले होते. त्यांच्यावर रागावताही येत नाही धड. म्हटलं, एक फोन करा. दोन शब्द बोला. तो येईल.

"मी कायकू फोन करू? कान तुझा होता, पण इज्जत खानदानाची होती."

"आबासाहेब, कान दुखलाही नव्हता मला."

"तुला कायच दुखत नै. इतकीच तुझी मुश्किल आहे."

वर चहा पाजला आणि शालूसाठी उस्मानिया बिस्किटांचा पुडा दिला. तिला दात नाहीत म्हटलं, तर म्हणाले, "येतील की. जल्दी क्या है."

परत येताना मेट्रोत चडफडलो. एक पुण्यात अडून बसलाय, एक तारनाक्यात.

१७ नोव्हेंबर

बसली! उशी नाही, टेकू नाही, शालू स्वतः बसली! मग डावीकडे कलंडली. पण बसली!!

१९ नोव्हेंबर

वरचा दात!!!

आज शालू जांभई देत होती, मी तोंडात डोकावलो, तर वरच्या हिरडीवर पांढरा ठिपका! फोटो काढला. हलला, पण दिसतंय. आईला दाखवला. मला वाटलं नाचेल. तिचा चेहराच उतरला. "वरचा आधी? अगं बाई! मामावर भारी असतं रे!"

मी हसलो. ती हसली नाही. आमच्याकडची रीत अशी – मामाने चांदीची वाटी आणायची, तिच्यात तेल घालायचं, आधी त्या तेलात बाळाचं तोंड बघायचं, मग समोरासमोर. मामाने स्वतः. दुसऱ्या कुणी केलेलं चालत नाही.

स्वतः! मी आईला मिठीच मारली. ती म्हणाली, याड लागलं का तुला. मी विश्वास ठेवत नाही असल्या गोष्टींवर, अजिबात नाही. पण हर्षदादा घरातून निघताना मांजर आडवं गेलं तर परत जाऊन पाणी पिऊन निघतो, हे मला तेजूकडून ठाऊक आहे!

फोटो पाठवला. फोन केला. रीत सांगितली, आवाज जमेल तितका गंभीर ठेवून. "थांबा, फोटो बघतो," म्हणाला. मग – "बरं. येतो. पण तेजूला आत्ताच काही बोलू नका."

जिंकलो! मी एकट्यानं जिंकलो! आबासाहेबांचा फोन नाही, कुणाची माफी नाही, एका दाताच्या जोरावर!

२० नोव्हेंबर

तो दात नाही.

सकाळी शालूचं तोंड पुसताना ठिपका रुमालाला लागून आला. पांढरा, मऊ, एका बाजूने करपलेला. बोटावर घेऊन बघत बसलो. दात करपत नाही. आईकडे पाहिलं. ती कोथिंबीर निवडत होती, मान वर करेना.

"आई, हे काय आहे?"

"काय की."

"आई."

"जरासा पापुद्रा दिला होता चोखायला. ज्वारीची हलकी असते भाकरी. लेकरू कसं बघत होतं माझ्या ताटात!"

म्हणजे उष्टावण झालंसुद्धा! मामाविना, चांदीच्या वाटीविना, आजीच्या भाकरीवर! मी बोललो, बरंच बोललो – पोरीच्या नरड्यात अडकलं असतं म्हणजे? आईच्या डोळ्यांत पाणी आलं. पुन्हा देणार नाही म्हणाली. मग माझ्याच लक्षात आलं, की हर्षदादाला गंडवणारा पापुद्रा हाच. हे आता कुणाला सांगायचं? आई म्हणाली, "तू माझं सांगू नको, मी तुझं सांगत नाही." आईने आणि मी आयुष्यात पहिल्यांदा असा सौदा केला.

२३ नोव्हेंबर

हर्षदादाला खरं सांगायला फोन हातात घेतला. खाली ठेवला. तेजू बाल्कनीत शालूला घेऊन म्हणत होती, "मामा नाही आला तरी आपण मोठ्या होणारच ना गं?" नाही सांगत. काय व्हायचं ते होवो.

२८ नोव्हेंबर

टिक्!

तेजूने स्टीलच्या चमच्याने पाणी पाजलं, आणि टिक्! आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. पुन्हा चमचा लावला. टिक्! खालचा! खराखुरा! बोट फिरवलं तर तांदळाच्या कणीसारखा बोचतो. तेजू हसता हसता रडायला लागली, मीही. आई आतून धावत आली, हात जोडले आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. माझ्या आईने! डोळा!

शेजारचाही उगवू पाहतोय. माझ्या पोरीला दात आला! मजल्यावरच्या सगळ्यांना पेढे वाटले.

मग सुचलं, की आता हर्षदादाला खालचा दात दिसणार, वरचा नाही. दातखीळ बसली माझी.

७ डिसेंबर, रविवार

सगळं लिहायचंय. हात अजून खिरीचे आहेत.

आबासाहेब सकाळीच हजर. कोट-टोपी घालून! उष्टावण अकराला, हे आठला. सोफ्यावर बसून मोबाइल काढला. "पुण्याची गाडी आज वेळेवर आहे." मी म्हटलं, बरं. यांचं नेहमीचं. मी तर हर्षदादा येणार हे आई सोडून कुणालाच सांगितलं नव्हतं. आबासाहेबांसमोर तो उभा राहिला की काय होईल, या विचाराने मी दहा वेळा दारापर्यंत जाऊन आलो होतो.

बेल वाजली. तेजूने दार उघडलं.

ती पुढे धावली. दादाच्या शर्टात तोंड खुपसून उभी राहिली, तोही तसाच. त्याच्या हातातली वाटीची पिशवी मी काढून घेतली. माझी बायको इतकी लहान दिसते हे मला आजवर माहीत नव्हतं.

मग तो आत आला आणि समोर आबासाहेब. मी मध्ये जाऊन उभा राहिलो. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला. बस्स. आई म्हणाली, "आधी लेकराचं बघू," आणि सुटलो.

तेलात तोंड बघणं झालं. हर्षदादा मांडी घालून बसला, शालू मांडीवर. हिरवा परकर, डोक्याला कुंची. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि ती खुदकन हसली – तोंड पूर्ण उघडून! खाली दोन दात लखलखीत. वर काही नाही. हिरडी गुळगुळीत! हर्षदादाने वर पाहिलं. थेट माझ्याकडे. मी पंख्याकडे पाहिलं. आईने खिरीत आणखी साखर घातली, गरज नसताना.

त्याने खिरीची वाटी पुढे ओढली. अंगठीने खीर चाटवली. शालूने जीभ फिरवली, विचार केला – आणि पुढे वाकून हर्षदादाचा कान धरला! धरला तो धरलाच! दोन्ही हातांनी! पिरगळला असा, की तो "आई गं!" म्हणून ओरडला. सोडवायला गेलो तर आणखी जोरात. कान लाल.

सगळे आबासाहेबांकडे बघायला लागले. लग्नातलं सगळ्यांनाच आठवलं असणार. आणि आबासाहेब! आधी खांदे हलायला लागले, मग पोट, मग टोपी पडली. "हौ बेटा! बराबर! बाप का बदला लिया!" हर्षदादा कान चोळत हसत सुटला. तेजू हसत होती, आई हसत होती, शालू सगळ्यांकडे बघून टाळ्या पिटत होती. शाबास माझी वाघीण!

पण खरं पुढेच आहे. पानं वाढली तेव्हा आबासाहेब उठले. कोट काढला. आयुष्यात कधी पळी हातात न धरलेल्या माणसाने हर्षदादाच्या ताटात स्वतः वरणभात वाढला, त्यावर तूप, जास्तच. म्हणाले, "त्या दिवशीचं ताट राहिलं होतं. जेव आता."

हर्षदादा मान खाली घालून जेवला. दोनदा भात घेतला. मला त्याचा एकेक घास दिसत होता. तेजूच्या तोंडावर जे होतं ते मला लिहिता येत नाही. मी ते आणलं! मी!

८ डिसेंबर

हर्षदादा सकाळच्या गाडीने गेला. स्टेशनवर म्हणाला, "येतो रे, ओमकार." राव गेलं! घरी येईपर्यंत शीळ घालत होतो.

२५ डिसेंबर

शालूला वरचा दात आला. या वेळी खरा, चमच्याने वाजवून बघितला.

राहवेना, म्हणून हर्षदादाला फोन करून भाकरीचं सगळं सांगून टाकलं. तो हसायचा थांबेना. "अरे, करपलेली कड फोटोत दिसत होती! तिकीट तर मी फोटो यायच्या आदल्या दिवशीच काढलं होतं. आबासाहेबांचा फोन आलेला ना. म्हणाले, 'माझं चुकलं, पोरा. जेवायला ये.' आणि म्हणाले, 'ओमकारला बोलू नक्को. बहुत भागदौड कर रहा, त्याला वाटू दे त्यानेच आणलं.'"

तेजूला दात दाखवायचा आहे अजून, आईलाही. आधी शालूला कडेवर घेतलं आणि तारनाक्याला, आबासाहेबांकडे निघालो.