एंगेज वाटलेली रिंग

प्रिय अक्का,

तुला जाऊन आज वर्ष झालं. इतके दिवस तुझ्यावर रागच धरला होता, म्हणून एक ओळ लिहिली नाही. पण आज दुपारी जे ऐकलं ते तुला सांगितल्यावाचून राहवत नाही.

रक्त जायला लागलं तेव्हा मला फोन का केला नाहीस? वर्षभर हेच विचारत होते. पिंपरीत कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर मीच होते की गं! एका शब्दावर पिंपळे गुरवला कंपनीची गाडी धाडली असती. दाजींनी तुला हातगाडीवर घालून निघावं? सातवा महिना तुझा. वाटेतच गेलीस, पोटातल्या बाळासकट.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या विधीला सगळे जमले होते. दाजी म्हणाले, "तीनदा लावला तिनं. एंगेज लागत होता."

"खोटं बोलता!" मी सगळ्यांदेखत ओरडले. "बोर्ड मोकळा होता. हयगय तुमचीच!"

त्यानंतर मी त्यांच्या दारात गेले नाही.

आज तुझ्या छकुलीसाठी फ्रॉक आणला, तोही तुमच्या शेजारणीकडे ठेवून परतले. बस चुकली. शिफ्टला उशीर होईल म्हणून कळवायला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून फोन लावला. तू ज्यावरून लावलास, तोच फोन.

टूं-टूं-टूं-टूं! एंगेज. ठेवणार, एवढ्यात बोर्डावरच्या आमच्या कुसुमचा आवाज आला, "हॅलो, कोण बोलतंय?"

उशीर होईल एवढं तिला सांगून मी दुकानदाराला विचारलं, "एंगेज वाजत होता, मग लागला कसा?"

दुकानदार म्हणाला, "तुमच्या कंपनीची रिंग अशीच येते, ताई. नवीन बोर्ड बसल्यापासून. लागला तरी एंगेजच वाटतो."

तो बोर्ड तू जायच्या आठच दिवस आधी बसला होता, अक्का. आत बसणाऱ्या मला बाहेरून लावणाऱ्याला येणारी रिंग कधी ऐकूच आली नाही. आणि 'तुटक आवाज आला की लगेच ठेव, लाइन अडवू नकोस' हे तुला शिकवलं कुणी? मीच ना!

त्या दिवशी बोर्डावर तीनदा फोन आल्याचा दिवा लागला आणि मी उचलायच्या आत विझला. कुणीतरी खोडी काढतंय म्हणून मी चिडले होते. तू होतीस गं ती!

येत्या रविवारी सगळ्यांना बोलावते. सगळ्यांसमोर दाजींचे पाय धरीन. त्यांनी माफ नाही केलं तरी उठून जाणार नाही. त्या तीन दिव्यांचंही सांगेन. ते मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

तुझी धाकटी,
शांता