अपेक्षित पगार : एक रुपया

२० फेब्रुवारी, गुरुवार

अर्जात एक रुपया लिहिला.

सावली गावच्या कंपनीचा अर्ज मोबाइलवरच भरायचा होता. नाव, वय एकोणपन्नास, आयटीआय, ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंग विभागात बावीस वर्षं, त्यातली बारा सध्याच्या ठिकाणी. सगळं सरळ गेलं. मग ‘अपेक्षित पगार’. ती चौकट रिकामी सोडली. पुढे जाईना. रेघ मारली. तरी जाईना. लेक रसिका कॉलेजात, कांचन भजनाला. विचारायला घरात कुणी नाही. शेवटी एकचा आकडा दाबला आणि अर्ज गेला.

आबा आठवले. माझे वडील, गावच्या महादेवाचे गुरव. बेल वाहायचा, गाभारा धुवायचा, सुगीत घरोघरचं धान्य येईल ते घ्यायचं. कुणी विचारलं, गुरव, किती घालू? तर म्हणायचे, महादेवाला ठाऊक. मागितलं की देणाऱ्याचं पुण्य कमी होतं, असं त्यांचं म्हणणं. शाळेसाठी पाटी हवी असली तरी आम्ही मागत नसू. दुकानासमोर नुसते उभे राहत असू.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सावलीहून फोन. देवश्रीबेन, तिथल्या पगार-भरती बघणाऱ्या. “काका, आ शुं? एक रुपियो?”

म्हणालो, चौकट रिकामी चालत नव्हती. त्या इतक्या हसल्या की मलाही हसू आलं. पुढच्या शनिवारी बोलावलंय.

कांचनला सांगितलं. म्हणाली, “निदान सव्वा तरी लिहायचा. शकुनाचा झाला असता.”

२३ फेब्रुवारी, रविवार

का जायचं आहे ते एकदा नीट लिहून काढतो.

टेस्टिंगचा उत्कर्ष तीन वर्षांपूर्वी आला. चांगला मुलगा आहे. गोत्रीत फ्लॅट घेतोय, कर्जाचे कागद करतोय. चहाच्या वेळी सहज म्हणाला, बँकेला अठ्ठावन्न हजारांची स्लिप दिली काका, तुमचा तर माझ्याहून जास्तच असेल. मी चहा पीत राहिलो. माझा शेहेचाळीस.

राग उत्कर्षचा नाही. पीयूषभाईंचाही नाही असं लिहिणार होतो — पण आहे. मालक म्हणून वाईट नाहीत. लॉकडाउनमध्येही कुणाचा पगार अडवला नाही. वडिलांच्या फोटोला रोज स्वतः हार घालतात. आणि बारा वर्षांत एकदाही मला विचारलं नाही, गोविंदभाई, भागतं का तुमचं?

पन्नाशीनंतर बाहेरचं कुणी बोलावत नाही. हीच एक वेळ आहे. रसिकाच्या फिजिओथेरपीची अजून दोन वर्षं आहेत. पासष्ट मिळाले तर बास.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

उपवास. पहाटे देवळात मोठी रांग. पिंडीसमोर पगाराचं बोललो नाही, लाज वाटली. मग लक्षात आलं की मी तिथे कधीच काही बोलत नाही. नुसता उभा राहतो. पाटीच्या दुकानासमोर राहायचो तसा.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

कांचन मेथी निवडत बसली होती. म्हणाली, “मी मॅडम. बसा. हं, किती अपेक्षा?”

“आपल्याला योग्य वाटेल ते.”

“मला योग्य वाटतं तुम्ही घरी बसावं. पुढचा उमेदवार.”

रसिका हसून आडवी झाली. “बाबा, तमे पण ने!”

पुन्हा. “पासष्ट,” मी म्हणालो.

“ऐकू नाही आलं.”

“पासष्ट.”

“मेथीला सांगताय की मला?”

मग तिने युक्ती शिकवली. आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं. आपण आधी बोलायचं नाही. खंडेराव मार्केटात ती असंच करते — भाव सांगते आणि भाजीवाला तोंड उघडेपर्यंत टोमॅटोकडे बघत राहते. शेवटी एकदा जोरात म्हणालो, पासष्ट! शेजारच्या अहल्याबाईंनी गॅलरीतून विचारलं, काय हो, काय झालं?

१ मार्च, शनिवार

सांगितलं नाही.

गजेंद्रभाई तिथले कारखानाप्रमुख. तासभर कामाचं बोललो. तार, कागद, तेल, कुठली कॉइल कशाने जळते. त्या बोलण्यात मला कधी अडचण नसते. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाले, “काम तो पाकुं, काका. हवे पैसानुं बोलो.” काम पक्कं, आता पैशांचं बोला.

पासष्ट जिभेवर होतं. खरंच होतं. समोर पाण्याचा ग्लास होता. त्याच्याकडे बघत राहिलो. आणि तेच वाक्य बाहेर आलं. आपल्याला योग्य वाटेल ते.

“अमने तो ओछुं ज ठीक लागे ने!” गजेंद्रभाई हसले. आम्हाला कमीच योग्य वाटणार. देवश्रीबेन खाली बघत होत्या.

म्हणाले, पीयूषभाई ओळखीचे आहेत, त्यांच्याशी बोलून कळवतो. त्यांना विचारू नका, असं म्हणायला हवं होतं. तेही म्हणालो नाही.

कांचनला तोंड बघूनच कळलं. म्हणाली, “आबांना धान्य मिळत होतं. आपला दूधवाला महादेवाच्या नावावर दूध घालत नाही.” मग वाढायला घेतलं. भातावर तूप नेहमीपेक्षा जास्त घातलं.

७ मार्च, शुक्रवार

फोन नाही.

१० मार्च, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत देवश्रीबेनचा फोन आला. सॉरी काका, नाही जमणार, आमची हद्द सत्तर आहे, तुमच्या आत्ताच्या पगाराच्याही खाली.

माझ्या पगाराच्या?

“अठ्ठ्याहत्तर ने? पीयूषभाईंनीच गजेंद्रभाईंना सांगितलं.”

तेव्हाच म्हणायला हवं होतं, अहो, शेहेचाळीस. म्हणालो, बरं.

का म्हणालो? खरं सांगितलं असतं तर पीयूषभाई खोटे पडले असते. बारा वर्षं त्यांचं मीठ खाल्लंय. हे कारण खरं आहे. दुसरंही एक आहे आणि ते फक्त इथे लिहितो. त्या मुलीने अठ्ठ्याहत्तर म्हटलं तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं.

घरी सांगितल्यावर कांचनने मोबाइल माझ्या हातात ठेवला. “लावा. आत्ता. खरा पगार सांगा, पासष्ट मिळतात.” मी म्हणालो, आधी पीयूषभाईंशी बोलतो.

“त्यांनी तुमच्या तोंडावर दार लावलं, आणि तुम्ही विचारायला चाललात, कडी नीट बसली का?”

झोप नाही. परक्या माणसाला ते माझी किंमत एका दमात सांगतात. मला बारा वर्षांत नाही.

११ मार्च, मंगळवार

केबिनपर्यंत गेलो. आत पाहुणे होते. परत आलो. पाहुणे नसते तरी आलो असतो.

१२ मार्च, बुधवार

आज आत गेलो. “बेसो, गोविंदभाई.” बसलो नाही. सरळ विचारलं.

नाकारलं नाही त्यांनी. स्टेपलर उघडला, मिटला. म्हणाले, तुम्ही गेलात तर वाइंडिंग कोण बघणार? आकडा मोठा सांगितला की ते नाद सोडतील, म्हणून सांगितला.

म्हणालो, पण अठ्ठ्याहत्तरच का? लाख का नाही?

स्टेपलर बाजूला ठेवला. मग म्हणाले, गजेंद्रभाईंना खरा वाटायला हवा ना. “तमारा जेवा माणसनो एटलो होय.” तुमच्यासारख्या माणसाचा तेवढा असतो.

मग मला शेहेचाळीस का?

“तमे क्यारेय माग्युं ज नथी.”

तुम्ही कधी मागितलंच नाही. उद्धटपणे नाही म्हणाले. एवढी साधी गोष्ट मला ठाऊक कशी नाही, असा चेहरा होता.

काय बोललो ते आठवतं तसं लिहितो. म्हणालो, मला मागता येत नाही. आजही मागत नाही. पण तुम्ही माझ्या नावाने चार लोकांत एक शब्द सांगितलात. तो खोटा राहू नये, एवढंच.

वडिलांच्या फोटोकडे बघितलं त्यांनी. विचार करतो म्हणाले.

घरी कांचनला सगळं सांगितलं. मग म्हणाली, “हे मागणंच झालं हो.”

झालं का? मला अजून ठरवता येत नाही.

१५ मार्च, शनिवार

हो म्हणाले. एप्रिलपासून अठ्ठ्याहत्तर!

कांचन रावपुऱ्यातून पेढे घेऊन आली. रसिकाने मैत्रिणीला फोनवर सांगितलेलं ऐकलं, बाबांनी मालकाशी भांडून घेतले. भांडून! तिला थांबवलं नाही.

देवश्रीबेनना कळवलं, मी इथेच राहतोय. त्या म्हणाल्या, बरं झालं काका, जागाही भरली, अंकलेश्वरहून एक जण घेतला. म्हणजे आता दुसरं दार उरलं नाही. त्याचं काही वाटायचं कारण नाही. तरी वाटलं.

१६ मार्च, रविवार

महादेवाला अभिषेक केला. आज उभं राहायला जड गेलं नाही.

२४ मार्च, सोमवार

पीयूषभाईंनी बोलावलं. वाइंडिंगची पगारवाढ दरवर्षी ते स्वतः ठरवतात. या वेळी कागद माझ्याकडे सरकवला. म्हणाले, अठ्ठ्याहत्तरवाला माणूस एवढं तर करणारच. मी हसलो. माझ्या नावापुढे ७८ आधीच लिहिलेलं होतं. मी निघालो तेव्हा सहज बोलल्यासारखं म्हणाले, विभागाला महिन्याला छत्तीस हजारांची वाढ मंजूर आहे. “तमारा बत्रीस एमां ज गणजो.”

माझ्या वाढीचे बत्तीस त्यातच धरायचे. उरले चार. तारा गुंडाळणाऱ्या नऊ बायका आहेत. सगळ्यांत मिळून चार हजार.

मी काय म्हणालो? बरं म्हणालो.

आता कळतं की त्यांनी शब्द खरा केला तो कुणाच्या पैशाने. आबांना घरोघरचं धान्य यायचं. कुणाच्या घरचं किती कमी झालं, हे त्यांनी कधी पाहिलं असेल का? असा विचार पूर्वी कधी आला नव्हता. आला याचीच भीती वाटली.

कांचन म्हणाली, “तुमचा काय दोष? ठरवलं त्यांनी. आणि रसिकाची फी डोळ्यांसमोर ठेवा.” थोड्या वेळाने कणीक मळता मळता तिनेच विचारलं, “एरवी त्या बायकांना किती वाढतात हो?”

मला माहीत नव्हतं. बारा वर्षं त्यांच्या शेजारी उभा आहे. कधी विचारलं नाही.

२६ मार्च, बुधवार

कमलाबेनला आत बोलावलं. माझ्या आधीपासून आहे, पाणीगेटहून येते, पगार अठरा. विचारलं, किती वाढ हवी? पदराला हात पुसत म्हणाली, “तमने जे ठीक लागे ए, साहेब.”

माझंच वाक्य.

दार लावलं. म्हणालो, बसा, आकडा सांगितल्याशिवाय उठायचं नाही. ती टेबलावरच्या कॉइलकडे बघत राहिली. मी गप्प बसलो. आधी बोललो नाही.

“त्रण हजार,” ती म्हणाली. तीन हजार. मेथीला सांगितल्यासारखं.

नऊ जणी आहेत, म्हणजे सत्तावीस हजार. माझ्या नावापुढचे अठ्ठ्याहत्तर खोडले. तिथे दुसरा आकडा हवा. तो उद्या पीयूषभाईंना मलाच सांगावा लागेल.