पियानोभोवतीची ओली पोती

जांबोटी,
शनिवार, १० ऑक्टोबर

तीर्थरूप रायाप्पाण्णांना धाकट्या सन्मतीचा ओल्या हातांनी जय जिनेंद्र.

(हात ओले का, ते पुढं येईलच. कागदावर शाई पसरलेली दिसली तर मी रडलो असं समजू नका. पोती पिळता पिळता उठून लिहायला बसलोय. रडायला अजून सवड मिळालेली नाही.)

तुमचा खोकला कसा आहे? वैनींची साखर आटोक्यात आहे का? वखारीत यंदाच्या मालाला वास कसा आहे? हे सगळं आधीच विचारून घेतो, कारण पुढं मला दुसरं काही सुचणार नाही, आणि मग तुम्ही चारचौघांत म्हणाल की सन्मतीनं पानभर लिहिलं पण आमच्या खोकल्याची चौकशी केली नाही. फोन न करता पत्र का, असंही तुम्हाला वाटेल. तुमचा फोन तुमची सूनबाई प्रणिता उचलते. प्रणिता गुणी मुलगी आहे, पण ती ब्राह्मी आक्काची शिष्या आहे, आणि तिच्या कानावर सकाळी पडलेली गोष्ट दुपारच्या आत आक्काला बेंगळुरूत कळते. ही गोष्ट आक्काला कळली तर माझं काय होईल, ते लिहायला माझा हात धजत नाही.

गोष्ट आक्काच्या पियानोची आहे. मे महिन्यात तिच्या बेळगावच्या खासबागेतल्या घराचा स्लॅब फोडायचा ठरला आणि ती गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडं निघाली, तेव्हा पियानो कुठं ठेवायचा याची बैठक तुमच्याच सोप्यात बसली होती. तुम्ही म्हणालात, माझ्या वखारीत आणा, निपाणीची हवा कोरडी आहे, दारातून ट्रक आत येतो तिथं पियानोचं काय. सरळ बोलणं होतं. पण त्या दिवशी वैनींनी केलेल्या पुरणपोळ्या मला जरा जास्त झाल्या होत्या, आणि मी उठून म्हणालो की आपल्या तीन पिढ्या तंबाखूत गेल्या, पान मुठीत धरलं की ओल किती ते आपण सांगतो, मग एका लाकडी पेटीला भ्यायचं कशाला, माझं जांबोटीचं घर मोकळंच आहे. (काजूच्या बागेसाठी इथं राहायला आल्यापासून माझं कुणी ऐकत नाही, हे त्यामागचं खरं कारण.) आक्कानं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं आणि बरं म्हणाली. जांबोटीत जूनपासून पाऊस कसा पडतो ते तिला ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं. तरी ती बरं का म्हणाली, याचा विचार करून मी चार महिने झोपलो नाही.

जाताना तिनं तीन गोष्टी सांगितल्या. पियानोच्या पोटात खालच्या फळीमागं पंचवीसचा बल्ब कायम जळत ठेवायचा, म्हणजे आत ऊब राहते. वर घड्याळासारखा एक काटा ठेवलाय, तो हवेतली ओल दाखवतो, त्यावर नजर ठेवायची. आणि तिसरी गोष्ट तिनं दोनदा सांगितली. पावसात लाकूड फुगतं, तारा ताणतात, सूर वर चढतो. चढू दे. पाऊस गेला की आपोआप खाली येतो. काटा साठावर येईपर्यंत कुणाला एका तारेलासुद्धा हात लावू द्यायचा नाही. मी वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली, आणि वही इतकी जपून ठेवली की ती अजून सापडलेली नाही.

जुलैत आठ दिवस करंट नव्हता. बल्ब गेला, काटा चौऱ्याण्णववर गेला, आणि पियानोतून आवाज यायला लागले. कुणी वाजवत नसताना. कर्र करून थांबायचा, मग बऱ्याच वेळानं पुन्हा कर्र. पट्टी दाबली तर खाली जायची आणि वर यायचं विसरायची. आणि दोन पट्ट्या एकदम दाबल्या तर असा सूर निघायचा की माझ्यासारख्या सूर न कळणाऱ्या माणसाच्याही अंगावर काटा यावा. त्यात आमच्या हिनं, म्हणजे श्रद्धानं, कुठंसं वाचलं की पियानोत दोनशेच्या वर तारा असतात आणि सगळ्यांवर मिळून काही टनांचा ताण असतो. ते वाचून तिनं चहा घेतला आणि कामाला लागली. मी मात्र त्या दिवसापासून पियानोवरची धूळ स्कूटरचं हेल्मेट घालून पुसतो. (हसू नका. तुम्ही तुमच्या वखारीत सापाला भिता, माझी भीती निदान संगीतातली आहे.)

ऑगस्टात मला राहवलं नाही. खानापूरला रवळू मिस्त्री म्हणून आहेत, साठीचे, सुतारकाम करतात आणि भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करतात. पेटीला पट्ट्या, पियानोला पट्ट्या, असा माझा हिशेब. ते आले, झाकण उघडलं, आत बघितलं आणि विचारलं, ‘‘कुणाचा हो ह्यो?’’ मी सांगितलं की माझाच. (खोटं बोललो. आक्काचं नाव घ्यायची हिंमत होईना.) त्यावर ते व्हय म्हणाले आणि बिडी ओढून येतो असं सांगून वरच्या पाण्याच्या टाकीकडं गेले. अर्ध्या तासानं परत आले ते एकदम शांत होऊन. मग दोन तास आत डोकं घालून बसले, एकेक पट्टी ठणाठण वाजवली, घाम पुसला, आणि झाला म्हणाले. अण्णा, मला तर लगेच फरक जाणवला. सूर असा मऊ लागला की मी त्यांना पिशवीभर काजू दिले आणि बसपर्यंत पोचवायला गेलो. त्या रात्री चार महिन्यांतली एकच झोप मला लागली.

मग सप्टेंबरात पाऊस ओसरला, काटा खाली यायला लागला, आणि मी आपला कौतुकानं पुण्यातल्या एका पियानोवाल्याला फोन लावला. त्यांना म्हटलं, आम्ही ऑगस्टातच सूर लावून घेतला. मग त्यांनी समजावलं. पावसात सूर चढलेला असतो. चढलेला असताना जर कुणी तारा ढिल्या करून तो बरोबर केला, तर कोरडी हवा सुरू झाल्यावर लाकूड आक्रसतं आणि बरोबर केलेला सूर आणखी खाली जातो. म्हणजे, अण्णा, मी पैसे देऊन नव्हे, काजू देऊन आक्काच्या पियानोचा घात केला होता. आणि काटा रोज एकेक घर खाली येत होता. पंच्याऐंशी, ऐंशी, सत्त्याहत्तर. त्या काट्याची मला जेवढी भीती वाटते तेवढी लग्नाच्या आधी सासऱ्यांचीही वाटली नव्हती.

तेव्हा मला आपली वखार आठवली. पान सुकून चुरा व्हायला लागलं की आपण काय करतो? भोवती ओली पोती लावतो. लावली. बारा पोती, दिवसातून तीनदा पिळून. बल्ब बंद केला. खिडक्यांना ओल्या चादरी. काटा परत ऐंशीवर आणून ठेवला आणि गेले तीन आठवडे तिथंच धरून ठेवलाय. खोलीत बुरशीचा वास येतोय, श्रद्धा नाकाला पदर लावून जेवते, भिंतीवर एक छत्रीसारखं काहीतरी उगवलंय, पण काटा ऐंशीवर आहे. परवा अंगणात उभा राहून मी आभाळाकडं बघून आणखी चार दिवस पाऊस पाड रे बाबा म्हणालो, ते शेजारच्या मारुतीरावांनी ऐकलं. त्यांचं भात पिकून उभं आहे. त्यांनी कोयता खाली ठेवला आणि म्हणाले, ‘‘सन्मतीराव, तुमाला काय म्हायत हाय का, काय मागालाय ते?’’ मी घरात आलो. तेव्हापासून त्या बाजूचं दार उघडत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं भ्यायचं काय, आक्का काय मारणार आहे? तेच तर आहे. तिनं मला कधी मारलं नाही. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, मला वाढवलं ते तिनं. मी दुधाचं भांडं फोडलं, शाळा बुडवली, दाजींची सायकल विहिरीत घातली, ती एका शब्दानं बोलली नाही. गप्प बसायची. ताट वाढायची आणि गप्प बसायची. त्या गप्प बसण्याला मी आज एकसष्टाव्या वर्षीही थरथरतो. आणि हा पियानो नुसता पियानो नाही. दाजींनी नव्या संसारात पोटाला चिमटा काढून तिच्यासाठी घेतलेला. दाजी गेल्याला रविवारी, अठरा तारखेला, नऊ वर्षं होतील. दर वर्षी त्या दिवशी ती त्यांच्या आवडीचं एक चार मिनिटांचं वाजवते, दुसरं काही करत नाही, फोटोला हारसुद्धा घालत नाही. यंदा ते ती माझ्या घरी वाजवणार आहे. सूर बिघडलेला असला तर ती मध्येच थांबेल, झाकण लावेल आणि गप्प बसेल. त्यानंतर मी या घरात राहू शकणार नाही, अण्णा, खरंच सांगतो.

असो. भिऊन भिऊन थकलो आहे. थोरांना नमस्कार, धाकट्यांना जे काय देतात ते द्या. पोती वाळायला लागली, उठतो.

तुमचा, अजून जिवंत असलेला,
सन्मती

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. आक्का बुधवारी तुमच्याकडं उतरणार आणि शनिवारी इकडं येणार. तिला सोडू नका. जांबोटीचा रस्ता खचलाय म्हणा, मला कांजिण्या झाल्यात म्हणा, वैनींना चक्कर आणा. फक्त अठरा तारीख निपाणीतच टळू द्या. पुढचं मी बघतो. (काय बघणार ते ठरलेलं नाही.)

ता. क. दुसरा, सोमवार. पत्र कंडक्टरकडं द्यायला दोन दिवस फाट्यावर उभा राहिलो, बस आली नाही, म्हणून पत्र अजून माझ्याकडंच आहे. आज टाकीकडं गेलो, रेंज फक्त तिथंच येते, आणि आक्काचाच फोन वाजला. घ्यावा लागला. ती म्हणाली, ‘‘सन्मती, रवळूनं एक तारबी हलवलेली न्हाय. मीच सांगितलंतं.’’ अण्णा, रवळू मिस्त्री पंचवीस वर्षं खासबागेत त्या पियानोच्या पट्ट्या दुरुस्त करायला येत होते. झाकण उघडताच त्यांनी ओळखला, आणि बिडीच्या नावानं टाकीवर जाऊन आक्काला फोन केला. तिनं त्यांना सांगितलं, सन्मतीला नको म्हटलं तर तो भिऊन बेळगावातून दुसरा कुणी आणील, तू आत बस, वाजव, धूळ पूस आणि ये. म्हणजे घात झालाच नव्हता. पियानो आपला आपण खाली येत होता, बरोबर यायला निघाला होता, आणि मी तीन आठवडे बारा पोती लावून त्याला वरच टांगून ठेवला. मी तिला पोत्यांचं सांगितलं. ती गप्प बसली. तेच ते गप्प बसणं. मग पोती काढ म्हणाली आणि फोन ठेवला. पोती काढली, बल्ब लावला, खिडक्या उघडल्या. तिला अडवू नका, आता अडवून उपयोग नाही.

ता. क. तिसरा, रविवार. आक्का काल काठी टेकत आली. खोलीचा वास घेतला, भिंतीवरची छत्री पाहिली. आज सकाळी पियानोसमोर बसली तेव्हा काटा अडुसष्टवर होता, साठावर यायला अजून वेळ होता. मी दाराबाहेर उभा होतो, हेल्मेटशिवाय. तिनं एक पट्टी दाबली, जरा वर आहे म्हणाली, उतरेल म्हणाली. मग वाजवायला लागली. सूर बरोबर होता का ते मला विचारू नका, मला त्यातलं काही कळत नाही. मी फक्त ती थांबते का ते ऐकत होतो. ती थांबली नाही. चार मिनिटं पुरी झाली. झाकण लावून माझ्याकडं बघून म्हणाली, ‘‘एवढं भिऊन कुणी सांभाळलं नसतं रं ह्याला.’’ मी भिंत पुसायला घेतली.

हे पत्र आता पाठवायचं कारण नव्हतं, पण जेवताना आक्का म्हणाली की खासबागेतलं घर इतक्यात होत नाही, पुढच्या पावसाळ्यात इथं नको, दिवाळी झाली की पियानो रायाप्पाच्या वखारीत हलवू. अण्णा, चार महिने मी त्याच्या पोटातला प्रत्येक आवाज ऐकून दचकलो आहे. तो गेला तर या घरात दचकायला काही उरणार नाही, आणि आक्काही दर अठरा ऑक्टोबरला निपाणीला जाईल. तेव्हा तिचा फोन आला तर तुमच्या वखारीचं दार दोन फुटी आहे, पियानो आत जायचा नाही असं सांगा. त्यातून ट्रक आत येतो हे मला ठाऊक आहे. तिला आठवलं तर दार बदललंय म्हणा.